बेल कडक करा म्हणताना आत नक्की कोण जातं?

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या सबर्ब्जमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांचा कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, एक विषय कायम चालू असतो. कुणाची तरी गाडी रात्री ड्राइव्हवेमधून गेली, कुणाच्या घरात मागच्या दाराने पोरं घुसली, मग सीसीटीव्हीची क्लिप येते, आणि त्याखाली हमखास तो मेसेज, "पकडतात आणि दुसऱ्या दिवशी बेलवर सोडतात, कायदा म्हणून काही राहिलंच नाही इथे." भीती खरी आहे, तिला खोटी म्हणायचा माझा अजिबात विचार नाही, लहान मुलं घरात असताना रात्री खाली आवाज आला की काय होतं हे मलाही माहितीय. पण बेल, म्हणजे जामीन, कडक करा, कडक करा म्हणताना त्या कडक कायद्याखाली आत नक्की कोण जातं हे कुणी विचारत नाही. आणि गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, की ज्या जेलमध्ये याचं उत्तर आहे ते याच लोकांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. ट्रुगनिना, कॅरोलिन स्प्रिंग्ज, डिअर पार्क यांच्या मधोमध रेव्हनहॉल, तिथे डेम फिलिस फ्रॉस्ट सेंटर नावाचं बायकांचं जेल. वीकेंडला ग्रोसरीला, मुलांच्या क्रिकेटला जाताना आपण त्याच्या आजूबाजूने कितीदा जातो, कुणाला पत्ता नसतो.

२ जानेवारी २०२० ला सकाळी तिथल्या एका सेलमध्ये व्हेरॉनिका नेल्सन मेलेली सापडली. वय ३७. गुंडिट्जमारा, जाजा वुरुंग, विराजुरी, योर्टा योर्टा, एवढ्या ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, समाजांशी तिचं नातं. गुन्हा काय, तर शॉपलिफ्टिंगचा संशय आणि आधीच्या केसमधली कोर्टाची काही वॉरंट्स. ३० डिसेंबरला सिटीत पकडली, ३१ ला मॅजिस्ट्रेट कोर्टात उभी केली, तिथे तिच्या बाजूने बोलायला वकील नव्हता (एक बॅरिस्टर कोठडीत येऊन काही मिनिटं बोलून गेला होता), तिने स्वतःच स्वतःची बेल मागितली आणि ती नाकारली गेली. सगळं शहर नवीन वर्षाचे फटाके बघायला यारा नदीकाठी जमत होतं तेव्हा हिला रेव्हनहॉलला आणून टाकलं होतं.

पुढचे छत्तीसेक तास जे झालं ते सगळं रेकॉर्डवर आहे कारण जेलच्या इंटरकॉमचं रेकॉर्डिंग होतं, आणि तिच्या घरच्यांनीच आग्रह धरला की ते लोकांना ऐकू द्या. हेरॉइन सुटल्याचा त्रास चालू होता, उलट्या थांबत नव्हत्या, अंगात पाणी राहिलं नव्हतं, शिवाय आतड्याचा एक दुर्मीळ आजार होता जो कुणी शोधलाच नाही. तिने चाळीसपेक्षा जास्त वेळा इंटरकॉमचं बटण दाबलं. हातपाय वळतायत, मदत पाठवा, असं पुन्हा पुन्हा सांगत होती. शेवटच्या रात्री ती वडिलांना हाका मारत ओरडत होती तेव्हा पलीकडून तिला सांगण्यात आलं की आवाज कमी कर, बाकीच्या कैद्यांची झोपमोड होतेय. हॉस्पिटलमध्ये कुणी नेलं नाही. पोस्टमॉर्टेमला तिचं वजन ३३ किलो भरलं.

अशा मृत्यूंची चौकशी करणारा न्यायाधिकारी म्हणजे कोरोनर, ते सायमन मॅकग्रेगर, यांनी ३० जानेवारी २०२३ ला निकाल दिला त्यात स्पष्ट म्हटलंय की हा मृत्यू टाळता आला असता, ती जेलमध्ये आली तेव्हाच तिला हॉस्पिटलला पाठवायला हवं होतं, तिला मिळालेली वागणूक क्रूर आणि मानहानीकारक होती. जेलमधली डॉक्टरकी तेव्हा एका खाजगी कंपनीकडे होती, नंतर सरकारने बायकांच्या जेलची आरोग्यसेवा काढून सरकारी हॉस्पिटलकडे दिली. पण मला ज्या भागाबद्दल बोलायचंय तो निकालातला बेलबद्दलचा भाग आहे. व्हिक्टोरियाचे २०१८ चे बेलमधले बदल ही संपूर्ण, निखळ आपत्ती आहे, अशा अर्थाचे शब्द कोरोनरने वापरले, आणि हा कायदा राज्याच्याच मानवी हक्कांच्या चार्टरशी विसंगत आहे असंही लिहिलं. सरकारी कागदात एवढी थेट भाषा सहसा येत नाही.

तर हे २०१८ चे बदल आले कुठून? जानेवारी २०१७ मध्ये बर्क स्ट्रीटवर एका माणसाने भर दुपारी गर्दीत गाडी घातली, सहा माणसं मेली, त्यात तीन महिन्यांचं बाळ होतं. तो माणूस काही दिवस आधीच बेलवर सुटलेला होता. शहर हादरलं, साहजिकच होतं, आणि सरकारने कायदा आवळला. आता बघा कसा आवळला. नेहमीचा नियम असा की आरोपीला आत का ठेवायचं ते पोलिसांनी पटवून द्यायचं. बऱ्याच केसेसमध्ये तो उलटा झाला, म्हणजे मला बाहेर का सोडायचं हे आरोपीने पटवायचं. आणि एखादा माणूस आधीच्या केसमध्ये बेलवर असताना पुन्हा सापडला तर गुन्हा कितीही किरकोळ असला तरी त्याला वरच्या कसोटीत ढकलायचं, इतकं वरच्या की शॉपलिफ्टिंगवालीलासुद्धा 'अपवादात्मक परिस्थिती' दाखवावी लागते, जी कसोटी खरं तर खून आणि दहशतवादाच्या आरोपींसाठी असते. व्हेरॉनिकाला हीच लावली. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर बर्क स्ट्रीटचा तो माणूस होता, हातात सापडली ही.

आणि हे योगायोगाने झालेलं नाहीये, इथेच माझं खरं म्हणणं सुरू होतं. किरकोळ गुन्ह्यात परत परत कोण सापडतं याचा विचार करा. ज्याच्याकडे घर नाही, ज्याला व्यसन आहे, जो पोलिसांच्या रोजच्या ओळखीचा आहे, ज्याची कोर्टाची तारीख चुकते कारण फोन रिचार्ज नाही आणि चिठ्ठी आली तो पत्ताच आता त्याचा नाही. बेल मागताना पहिला प्रश्न असतो, राहणार कुठे? नवऱ्याच्या माराला घाबरून घर सोडलेल्या बाईने याला काय उत्तर द्यायचं, मारणाऱ्याचा पत्ता द्यायचा का? ॲबोरिजिनल लोकांना आत टाका, बायकांना आत टाका असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही, तरी तो कायदा एखाद्या गाळणीसारखा बरोबर त्यांनाच खाली गाळतो. ऑस्ट्रेलियन लॉ रिफॉर्म कमिशनने २०१७ साली जो मोठा रिपोर्ट केला त्यात आकडा आहे, देशातल्या प्रौढ बायकांमध्ये ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या बायका जेमतेम दोन टक्के, आणि जेलमधल्या बायकांमध्ये ३४ टक्के. बाकी बायकांच्या तुलनेत जेलमध्ये जायची शक्यता एकवीस पट. एकवीस पट हा फरक 'त्या जास्त गुन्हे करतात' या एका वाक्याने समजावून सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय, आणि जे सांगतात त्यांना पुढचा प्रश्न विचारला की ते विषय बदलतात.

पोलीस, जज, नर्स सगळे रेसिस्ट आहेत असं मी म्हणत नाहीये. काही असतील, बरेचसे नसतील. मला म्हणायचंय ते जास्त कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच जास्त भयंकर आहे. किरकोळ नियम असतात, त्यांची अंमलबजावणी समोरच्याच्या मर्जीवर असते, आणि ती मर्जी बाई बघून ठरते. मग बाई एकदा आत आली की तिचं दुखणं नाटक ठरतं. ऑस्ट्रेलियाभर बघितलं तर राज्य वेगळं, वर्ष वेगळं, पण हे दोनच भाग पुन्हा पुन्हा.

वेस्टर्न ऑस्ट्रेलियातली मिस धू घ्या. (घरचे तिचं पहिलं नाव घेऊ नका असं सांगतात, त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, म्हणून सगळीकडे मिस धूच लिहितात.) यामाजी समाजातली, वय २२. २ ऑगस्ट २०१४ ला पोलीस तिच्या घरी आले ते तिच्यासाठी नव्हेच, तिच्या पार्टनरने कोर्टाची ऑर्डर मोडल्याची तक्रार होती म्हणून आले. तिथे आल्यावर कळलं की हिच्याही नावावर वॉरंट आहे, न भरलेला दंड, ३६२२ डॉलर. दोघांनाही उचललं. म्हणजे मारणाऱ्याला पकडायला आलेल्या गाडीत मार खाणारीही बसली. दंड भरायला पैसे नसतील तर आत बसून दिवसाच्या हिशोबाने फेडायचा असा तेव्हा तिथला नियम होता. तिची बरगडी पार्टनरच्या मारातच मोडलेली होती, त्यात इन्फेक्शन झालं. कोठडीतून तिला तीनदा हॉस्पिटलमध्ये नेलं. पहिल्या दोन वेळा, तब्येतीपेक्षा वागण्याचा प्रॉब्लेम जास्त दिसतोय असं ठरवून परत पाठवली, पोलिसांचं तर म्हणणंच होतं की ही नाटकं करतेय, ड्रग्जवाली आहे. ४ ऑगस्टला तिसऱ्यांदा नेली तेव्हा संपली. रक्तात इन्फेक्शन पसरलेलं, वर न्यूमोनिया. कोरोनरने २०१६ मध्ये पोलिसांची वागणूक अमानुष आणि अव्यावसायिक होती असं म्हटलं. दंडासाठी जेल हा नियम बदलायला पुढे २०२० उजाडलं.

हॉस्पिटलची ती गोष्ट जरा थांबून वाचा. पोलिसांनी विश्वास ठेवला नाही हे आपण गृहीतच धरतो, पण डॉक्टर-नर्स? तिथे आपली कल्पना असते की निदान ताप तरी मोजतील. मात्र पेशंट दोन पोलिसांच्या मधे हातकडीत येते, ॲबोरिजिनल असते, वय बावीस, ओरडत असते, आणि पोलीस आधीच सांगून ठेवतात की ड्रामा आहे. मग तीच गोष्ट केसपेपरवर उतरते, दुसऱ्या दिवशीचा डॉक्टर आदल्या दिवशीचा पेपर वाचतो, आणि शंका आपोआप पक्की होत जाते. कुणी एकाने ठरवून केलेलं नाही. म्हणूनच कुणी एक जबाबदारही ठरत नाही.

आता परत व्हिक्टोरिया. ५ डिसेंबर २०१७, टान्या डे, योर्टा योर्टा समाजातली, वय ५५, एचुकाहून ट्रेनने मेलबर्नला निघाली होती. दारू प्यायली होती, सीटवर झोपली होती. तिकीट तपासनीसाला तिच्याकडून धड उत्तर मिळालं नाही, त्याने पोलिसांना कळवलं, कॅसलमेनला तिला उतरवून सार्वजनिक ठिकाणी दारू प्यायलेली असल्याबद्दल अटक केली. झोप उतरेपर्यंत कोठडीत. तिथे ती पडली, डोकं आपटलं, आणि त्यानंतर ॲम्ब्युलन्स बोलवेपर्यंत तीन तासांच्या आसपास गेले. मेंदूत रक्तस्राव झालेला. २२ डिसेंबरला ती गेली. कोरोनरने २०२० मध्ये म्हटलं की तपासनीसाच्या निर्णयावर तिच्या ॲबोरिजिनल असण्याचा परिणाम झाला होता, त्याच्याही नकळत. पोलिसांच्या हातून फौजदारी गुन्हा घडला असू शकतो म्हणून केस प्रॉसिक्युटर्सकडे पाठवली, त्यांनी खटला भरायचा नाही असं ठरवलं.

शुक्रवारी रात्री फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनवर एकदा उभं राहून बघा. ऑफिसच्या पार्टीतून निघालेली सुटाबुटातली माणसं प्लॅटफॉर्मवर लोळत असतात, कोण कुणाला अटक करतंय? फार तर कुणीतरी उबर करून देतं.

आणि टान्याच्या केसमधली सगळ्यात संतापजनक गोष्ट वेगळीच आहे. तिचा मामा-काका जो कोण लागतो तो, हॅरिसन डे, १९८२ साली एचुकाच्या पोलीस कोठडीत मेला होता. कारण, सार्वजनिक दारूचाच दहा डॉलरचा दंड भरला नव्हता. कोठडीतल्या ॲबोरिजिनल लोकांच्या ज्या ९९ मृत्यूंचा तपास करायला १९८७ मध्ये रॉयल कमिशन बसलं त्यातला तो एक. कमिशनने १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या, त्यात ठळकपणे होतं की सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन असणं हा गुन्हा काढून टाका. व्हिक्टोरियाने तो कधी काढला? नोव्हेंबर २०२३. बत्तीस वर्षं. मामा मेल्यावर शिफारस झाली, भाची मेल्यावर अंमलात आली, आणि तीही टान्याच्या मुलांनी सहा वर्षं सरकारच्या मागे लागून.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, बरं, पण या सगळ्या आरोपी होत्या, व्यसनी होत्या, कायदा मोडला होता. ठीक आहे. मग ज्या आरोपी नव्हत्या त्यांचं बघू.

लिनेट डेली, न्यू साउथ वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावरची ॲबोरिजिनल बाई, वय ३३, सात मुलांची आई. २६ जानेवारी २०११, म्हणजे ऑस्ट्रेलिया डे, दोन पुरुषांबरोबर कॅम्पिंगला गेलेली, इलुकाजवळच्या बीचवर लैंगिक अत्याचारात झालेल्या जखमांनी मेली. ती इतकी प्यायलेली होती की संमती द्यायच्या अवस्थेतच नव्हती. त्या दोघांतल्या एकाने गादी जाळली. पोलिसांनी केस उभी केली, पण सरकारी वकिलांच्या ऑफिसने खटला भरायला नकार दिला. २०१४ मध्ये कोरोनरने चौकशी करून गुन्हे नोंदवा म्हणून सांगितलं, त्यांनी पुन्हा नकार दिला. २०१६ मध्ये टीव्हीवर कार्यक्रम झाला, लोक भडकले, तेव्हा कुठे फाइल परत उघडली. सप्टेंबर २०१७ मध्ये खटला ज्युरीपुढे गेला आणि ज्युरीने दोघांना दोषी ठरवायला घेतलेला वेळ होता ३२ मिनिटं.

पाच वर्षं ज्या केसमध्ये दम नाही असं वकील म्हणत होते ती साध्या बारा माणसांना अर्ध्या तासात कळली. यातून मला तरी एवढं कळतं की लोक सगळेच पक्षपाती असतात आणि सिस्टिम तटस्थ असते हा समज उलटा आहे, पुरावा लोकांपुढे येऊच द्यायचा नाही हा निर्णय बंद दाराआड होतो आणि पक्षपात तिथे आरामात बसतो. खटला जिंकण्याची शक्यता किती, अशी कसोटी असते, आणि ती शक्यता ठरवताना वकील मनातल्या मनात एक ज्युरी कल्पितो, जी दारू प्यायलेल्या ॲबोरिजिनल बाईवर विश्वास ठेवणार नाही. स्वतःचा पूर्वग्रह त्याला स्वतःचा म्हणून मान्यच करावा लागत नाही.

हे वाचताना मराठी माणसाला मथुरा प्रकरण आठवलं नाही तरच नवल. १९७२, देसाईगंजचं पोलीस स्टेशन, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत. आदिवासी मुलगी, स्टेशनातच बलात्कार, आरोपी दोन पोलीस. सेशन्स कोर्टाने तिलाच खोटारडी ठरवलं, नागपूरला हायकोर्टाने पोलिसांना दोषी धरलं, सुप्रीम कोर्टाने परत सोडून दिलं, का तर तिच्या अंगावर प्रतिकाराच्या जखमा नव्हत्या, ती निमूट होती. १९७९ मध्ये चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सुप्रीम कोर्टाला खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. देसाईगंज आणि इलुकाचं बीच यांच्यात हजारो किलोमीटर, पण प्रश्न तोच, ही बाई कोणत्या प्रकारची आहे हे आधी ठरवायचं आणि मग तिच्यावर गुन्हा झाला की नाही ते. आपल्याकडे चोरी झाली की पहिली जीप पारध्यांच्या पालावर जाते हे माहीत असलेल्या माणसाला ऑस्ट्रेलियन पोलिसांचं वागणं समजायला फार अभ्यास करावा लागत नाही. म्हणून मला जास्त खटकतं, की इथे आल्यावर आपण एवढ्या पटकन विसरतो.

घरगुती हिंसाचाराचं तर आणखी विचित्र. पोलीस येतात, तोपर्यंत ती किंचाळतेय, प्यायलेली आहे, हातात काहीतरी आहे कारण तिनेही स्वतःला वाचवायला उचललंय. तो शांत, सरळ बोलतोय, सॉरी ऑफिसर म्हणतोय. कुणाच्या नावावर ऑर्डर निघणार? क्वीन्सलँडमध्ये घरगुती हिंसाचारातल्या मृत्यूंचा आढावा घेणारं सरकारी बोर्ड आहे, त्यांच्या २०१६-१७ च्या रिपोर्टमध्ये होतं की मारल्या गेलेल्या बायकांपैकी जवळजवळ निम्म्या बायकांना पोलिसांनी आधी कधीतरी हिंसा करणारी बाजू म्हणून नोंदवलेलं होतं, आणि ॲबोरिजिनल केसेसमध्ये तर जवळपास सगळ्याच. मग ज्या बाईला एकदा फोन केल्यावर तिच्याच हातात बेड्या पडल्या ती दुसऱ्यांदा फोन करेल का? आणि नाही केला की आपणच म्हणणार, या बायका तक्रारच करत नाहीत हो.

रॉबिन काइनाची केसही याच जातीची. ब्रिस्बेन, १९८८. वर्षानुवर्षं मारणाऱ्या, अत्याचार करणाऱ्या पार्टनरला तिने चाकू मारला, तो मेला. तिचा खटला एका दिवसाच्या आत संपला. ती साक्षीला उभीच राहिली नाही, जे भोगलं ते कोर्टात कुणी सांगितलंच नाही. जन्मठेप. वकिलांचा समज, की ती काही सांगत नाही म्हणजे सांगण्यासारखं नाही. प्रत्यक्षात ॲबोरिजिनल बोलण्याची पद्धत वेगळी असते, थेट प्रश्नाला थेट उत्तर येत नाही, मधे शांतता असते, खाजगी गोष्ट अनोळखी माणसाला पहिल्या भेटीत सांगत नाहीत, ओळख व्हायला वेळ द्यावा लागतो. भाषाशास्त्रज्ञ डायना ईड्स यांनी हे मांडलं, आणि १९९३ मध्ये अपील कोर्टाने शिक्षा रद्द केली. पाच वर्षं गेलीच तिची. वकिलाकडे वेळ नव्हता हे काइनाच्या बाबतीतही आणि तीस वर्षांनी व्हेरॉनिकाच्या बाबतीतही. प्रगती बघा.

दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो उडवून लावणं बरं नाही. ॲबोरिजिनल बायकांना मारणारे पुष्कळदा त्यांच्याच घरातले पुरुष असतात, आणि त्या बायकांनाही पोलीस वेळेवर यायला हवे असतात, काही पुरुष आत असायला हवे असतात. नॉर्दर्न टेरिटरीच्या कोरोनर एलिझाबेथ आर्मिटेज यांनी चार ॲबोरिजिनल बायकांच्या घरगुती हिंसाचारातल्या मृत्यूंची एकत्र चौकशी केली, नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल आला, ३५ शिफारशी. त्यात मदत वेळेवर आली नाही, आली तर गंभीरपणे आली नाही, हेच सूत्र. म्हणून 'पोलीस कमी करा, जेल बंद करा' एवढ्याने भागत नाही हे मी मान्य करते. पण गंमत बघा, जिला मदत हवी तेव्हा पोलिसांना वेळ नाही आणि जिने पाव-दूध उचललं तिच्यासाठी सगळी यंत्रणा तयार. जास्त पोलीस की कमी पोलीस यापेक्षा पोलीस कुणासाठी येतात हा वाद आहे. आणि धोकादायक पुरुषाला आत ठेवायला शॉपलिफ्टिंगवालीला आत ठेवायची गरज नसते, दोन वेगळे कप्पे करणं इतकं अवघड नाही.

ते कप्पे एकदा केलेही होते, हे जास्त लागतं. व्हेरॉनिकाच्या निकालानंतर तिची आई आंटी डोना नेल्सन आणि पार्टनर पर्सी लव्हेट यांनी मागणी लावून धरली, व्हेरॉनिकाच्या टोपणनावावरून त्या मागणीला 'पोकम्स लॉ' म्हणतात. मागण्या अगदी साध्या. आत का ठेवायचं हे सरकारी बाजूने सिद्ध करावं, ज्या गुन्ह्याला शेवटी जेलची शिक्षा होणारच नाही त्यासाठी खटल्याआधी जेल नको, आणि बेलची अट मोडणं हाच एक नवीन गुन्हा करू नका. यातलं सगळं नाही पण काही सरकारने मान्य केलं, मार्च २०२४ पासून किरकोळ गुन्ह्यांना वरच्या कसोटीत ढकलायचा प्रकार बंद झाला. वर्षभर. मग गाड्या चोरीच्या, घरफोडीच्या बातम्या, पेपरांची पहिली पानं, आपल्यासारख्या सबर्ब्जमधला राग, आणि मार्च २०२५ मध्ये प्रीमियर (राज्याच्या मुख्यमंत्री) जॅसिंटा ॲलन यांच्या सरकारने घाईघाईत परत बेल आवळली, आणि हा देशातला सगळ्यात कडक कायदा असं अभिमानाने सांगितलं. बेलवर असताना दुसरा गुन्हा केला तर तो स्वतःच वेगळा गुन्हा, हे परत आणलं. ॲबोरिजिनल लीगल सर्व्हिसवाले तेव्हा ओरडून सांगत होते की पुन्हा तेच होणार. कोण ऐकतंय.

त्या काळात आपल्या लोकांनी ऑनलाइन पिटिशन्सवर सह्या केल्या, लोकल एमपीला भेटले, लोकशाहीत करायचंच ते केलं, त्यात चूक काही नाही. इथल्या पश्चिमेच्या सीट्समध्ये आपली मतं आता मोजली जातात, एमपी गणपतीला येऊन आरती धरतात, दिवाळीला कुर्ता घालतात, हे उगाच नाही. पण मग आपल्या मागणीचं पुढे काय होतं याची जबाबदारीही थोडी येते की नाही? "बेल कडक करा" हे पत्र लिहिताना एक ओळ जास्त लिहायला काय जातं, की हिंसक गुन्ह्यांसाठी करा, चाकू घेऊन घरात घुसणाऱ्यासाठी करा, दुकानातून काही उचलणारीला, कोर्टाची तारीख चुकलेल्या बाईला यात ओढू नका. बेलवरच्या माणसावर लक्ष ठेवायला, व्यसनमुक्तीला, बायकांना राहायला तात्पुरती घरं द्यायला पैसे मागा. एमपीला ते पत्र उत्तर द्यायला जास्त कठीण जाईल हे नक्की, कारण 'टफ' म्हणायला पैसे लागत नाहीत आणि घरं बांधायला लागतात.

मला कुणीतरी ग्रुपवर म्हणालं, आपला काय संबंध, आपण तर टॅक्स भरणारे मायग्रंट, तो त्यांचा जुना इतिहास आहे, गोऱ्यांनी केलंय त्यांनी निस्तरावं. २०१८ चा कायदा जुना इतिहास नाही. २०२५ चा तर नाहीच, तो आपण इथे असताना, आपल्या भीतीचा हवाला देऊन झालाय. आणि रेव्हनहॉलचं ते जेल आपल्याच टॅक्सवर चालतं.

सिटिझनशिप घेतली की ज्युरी ड्युटीचं पत्र येऊ शकतं, आपल्यातल्या बऱ्याच जणांना आलंय आणि बहुतेक जण ऑफिसचं कारण देऊन सुटका करून घेतात. घेऊ नका. लिनेट डेलीच्या केसमधले बारा लोक असेच कुणीतरी पत्र आलेले होते.